खेकडेतात्या बासरी शिकतात

फार मागे, खेकड्यांनाही गाण्याचा नाद होता तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी गुराखी बासरी विसरला, ती म्हाताऱ्या खेकडेतात्यांना सापडली.

“भोकं सहा, पाय आठ!” तात्या हरखले. “आपल्याला शिकायचंच काय? उरलेले दोन पाय ठेका धरतील.”

फुंकायला बेडूक आला. म्हणाला, “तात्या, भोकं अलगद झाका हं.”

“अलगद? अरे, सूर निसटेल ना!” तात्यांनी सहाही भोकांत पाय घट्ट खुपसले. बेडकाने फुंकलं, तर रेडा रेकल्यासारखा एकच आवाज निघाला. पाय मात्र अडकले. तेवढ्यात समोरून बगळा येताना दिसला.

तात्या जीव खाऊन ओढू लागले, तसे पाय आणखीच रुतले.

“ओढू नका, तात्या! ढिले सोडा!” बेडूक ओरडला. भीतीने लागलेली त्याची धाप बासरीतच शिरत होती.

तात्यांनी अंग सैल सोडलं. एकेक पाय सुटला आणि दर पायागणिक नवा गोड सूर निघाला. बेडकाने पाण्यात उडी मारली, तात्या बिळात शिरले.

बिळातून तात्यांचं हसू ऐकू आलं. “बेडक्या, उद्या पुन्हा बसू रे. पण बगळ्याला बोलावून ठेव. त्याच्याशिवाय मला मेल्याला काही सोडता येत नाही.”