कुंभाराची बिनबाह्यांची बंडी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा माणसं जनावरांशी बोलत आणि जनावरं, मनात आलंच तर, उत्तरही देत.

एका तापलेल्या मुलखात एक कुंभार राहत होता. त्याची बायको दूरच्या थंड डोंगरातून लग्न होऊन आली होती. तिच्या माहेरी सगळ्याच बायका सुयांवर विणत. आईने तिला एकच गोष्ट बजावली होती, "टाका आवळून घाल, पोरी. वाऱ्याला आत शिरायला जागा ठेवू नकोस."

त्या उन्हाळ्यात कुंभार भट्टीपाशी दोनदा भोवळ येऊन पडला. उघड्या अंगाला धग भाजायची, सदरा घातला की जीव गुदमरायचा. वैद्य म्हणाले, "अंगावर कापड हवं आणि अंगाला वाराही हवा. ते जमत नसेल तर भट्टी सोड." कुंभाराला दुसरं काही येत नव्हतं. भट्टी सुटली तर घरची चूलही विझणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी बिनबाह्यांची हलकी बंडी विणते," बायको म्हणाली. तिने कापसाचं सूत आणलं, बारीक सुया काढल्या आणि टाका आवळून विणलं. बंडी अशी झाली की तिच्यात पाणी ठरावं. कुंभाराने ती घातली आणि घटकाभरात काढून ठेवली.

"अहो, सूत जाड होतं," ती म्हणाली. तिने बारीक सूत आणून दुसरी विणली, आणखी आवळून. तीही त्याने काढली. ती उसवून तिसरी विणली. बोटांना घट्टे पडले, मान अवघडली, निम्मा उन्हाळा सरला. मेहनतीत कसूर नव्हती, म्हणूनच चूक सापडत नव्हती.

"राहू दे आता," तिसरी काढून ठेवत कुंभार म्हणाला. "तूही दमलीस, मीही दमलो. भट्टी बंद करू."

तिला रडायचाही कंटाळा आला होता. तिसरी बंडी उसवत ती अंगणात बसली. समोर गाढव उभं होतं, मडकी पोचवून नुकतंच आलेलं. पाठीवर मडकी बांधायची दोरीची जाळी तशीच होती.

"पाठीवर सगळ्यात जड काय वाटतं रे तुला?" तिने उगाच विचारलं.

"गोणपाट," गाढव म्हणालं. तेही दमलेलंच होतं. "वर ओझं नसलं तरी गोणपाट जड. जाळी बरी. पाठीला वारा लागतो."

ती बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहिली. मग उठली, बारीक सुया ठेवून दिल्या, बांबूच्या दोन जाड काड्या तासल्या आणि टाका सैल सोडला. तिला ते पाप केल्यासारखं वाटत होतं. दर दोन टाक्यांमागे बोटं आपसूक सूत ओढायला जात आणि ती त्यांना दटावून थांबवी.

दोन दिवसांत जाळीदार बंडी झाली. कुंभाराने ती घालून भट्टी पेटवली. दुपार झाली, उन्हं कलली, तरी त्याने ती काढली नाही.

"अगं, अंगावर आहे हेच विसरलो," तो म्हणाला.

भट्टी सुटली नाही. बायको मात्र त्या संध्याकाळी भिंतीला टेकून पोटभर रडली. आईचं सांगणं खोटं नव्हतं. ते डोंगरापुरतं खरं होतं, आणि एवढं कळायला नवऱ्याचा निम्मा उन्हाळा गेला होता.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: माया करताना आपली थंडी आठवू नये, समोरच्याचं ऊन पाहावं.