राजाने लपवलेला प्रश्न

डोंगरांच्या बेचक्यात एक चिमुकलं राज्य होतं. तिथला राजा भैरवसेन मनाने वाईट नव्हता, पण संशयी असा, की आरशात बघण्याआधी आरशामागे कोण लपलंय ते बघायचा. त्याच्या ताटातला पहिला घास मांजराला जाई. मांजर चांगलंच गुबगुबीत झालं होतं.

राज्यातल्या तलावाला एक दरवाजा होता. तो उचलला की पाटाचं पाणी गव्हाच्या शेतांत जाई. कमी उचलला तर गहू सुके, जास्त उचलला तर मुळं कुजत. किती उचलावा यासाठी एका जुन्या पंडिताने सूत्र करून ठेवलं होतं. दरवाजा किती बोटं उचलला तो आकडा त्यात घातला, की पीक किती येईल ते निघे. पंडित आता हयात नव्हता. सूत्रावरून आलेख काढून, पीक सर्वांत जास्त कुठे येतं ते बघायचं, एवढंच काम उरलं होतं.

दरबारात दोन गणिती होते, त्र्यंबकभट आणि रुद्राजीपंत. काम पाण्याचं आहे हे कळलं तर वरच्या शेतांचे मालक यांना फितवतील, अशी राजाला धास्ती. म्हणून त्याने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, सूत्र हाती दिलं आणि बजावलं, "आलेख काढा. कशाचा, ते विचारायचं नाही."

त्र्यंबकभट जपून पाऊल टाकणारा. त्याने शून्यापासून एकापर्यंतचेच आकडे घातले, तेही बारीक बारीक. सरळ वर चढणारी रेघ आली. रुद्राजीपंतांचा हात सढळ. ते शून्यापासून हजारापर्यंत शंभराच्या उड्या मारत गेले. त्यांची रेघ जमिनीला चिकटून आडवी पडली.

राजाचे डोळे बारीक झाले. एक म्हणतो, उचलत राहा, पीक वाढतच जाईल. दुसरा म्हणतो, काहीही करा, पीक येणार नाही. सूत्र तर एकच! म्हणजे एक जण नक्की विकला गेलाय. की दोघेही? त्याने दोघांना तुरुंगात टाकलं आणि तलावाचा दरवाजा बंदच ठेवला. मग चौकशी सुरू झाली. यांच्या घरी कोण येतं, यांच्या बायका पाणवठ्यावर कुणाशी बोलतात. इकडे शेतात गहू पिवळा पडू लागला.

शेवटी राणी मंदाकिनी म्हणाली, "एवढा संशय आहे ना? मग याचे आकडे त्यांना द्या आणि त्यांचे याला."

ही युक्ती राजाला फार आवडली. पण झालं भलतंच. हजारापर्यंत जाताच त्र्यंबकभटाची रेघ आडवी पडली, आणि एकापर्यंत थांबताच रुद्राजीपंतांची वर चढली. दोघेही खरे निघाले.

"महाराज," त्र्यंबकभट हात जोडून म्हणाला, "हा आकडा कशाचा, एवढं तरी सांगा."

राजाने खिडकी लावून घेतली आणि हळूच सांगितलं, "तलावाचा दरवाजा. बोटांत मोजलेला. चाळीस बोटांपलीकडे तो उचलला जातच नाही."

रुद्राजीपंतांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग मी हजारापर्यंत कशाला धावलो असतो!"

"आणि मी एका बोटातच कशाला घुटमळलो असतो!"

दोघांनी तिथेच फरशीवर कोळशाने नवा आलेख काढला, शून्यापासून चाळीसपर्यंत, दोन-दोन बोटांनी. रेघ चढली, अठराच्या आसपास तिने माथा गाठला आणि ती उतरू लागली. राजाला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली.

त्याने स्वतः उभं राहून दरवाजा अठरा बोटं उचलवला. पाणी पाटातून धावलं. त्याच्यासोबत चालत राजा खालच्या शेतांपर्यंत गेला. तिथला गहू उभ्या उभ्या वाळला होता. भागूबाई नावाची शेतकरीण बांधावर बसली होती. तिने ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं.

"पानी लई ग्वाड हाय, म्हाराज," ती म्हणाली. "आता त्ये कुनाला पाजू?"

तात्पर्य: आलेख कुठून कुठपर्यंत काढायचा, हे प्रश्नावरून ठरतं. ज्याच्यापासून प्रश्नच लपवला, त्याच्या उत्तरावर संशय घेऊ नये.