बेडकाचे बाबूकाका

फार जुनी गोष्ट, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने जुनी. शशिकलाबाईंच्या कॉम्प्युटरच्या पोटात एका खेळातला बेडूक राहायचा. बाई खेळायला बसल्या की तो आधी आतल्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमला, हाक मारायचा, "बाबूकाका, आहात का?" "आहे रे," असं संथ उत्तर आलं की मगच कमळाच्या पानांवरून उड्या मारत तळं पार करायचा.

एक दिवस अपडेट आलं. बाबूकाका गेले आणि तरणाबांड कारभारी आला. बेडकाने सवयीने हाक मारली.

"इथे कोणी बाबूकाका नाहीत," नवा तोऱ्यात म्हणाला.

बेडूक काठावरच थिजला. बाईंनी खेळ पुन्हा पुन्हा उघडून पाहिला आणि शेवटी तो पुसून टाकायला हात पुढे केला.

तेव्हा मात्र नव्याला राहवेना. आपला वेग आवरून तो बाबूकाकांच्या सुरात म्हणाला, "आहे रे."

आवाज काकांचा नाही, हे बेडकाला कळलं. तरी त्याने उडी मारली.

पुढे काही वर्षांनी पुन्हा अपडेट आलं. निघता निघता तो कारभारी येणाऱ्याला एवढंच सांगून गेला, "बेडकाने हाक मारली, की तुझं नाव बाबूकाका."