स्टँडवरची फटफटी

पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळून गाड्या पळत, त्या काळातली एक छोटी फटफटी पोतनीस मास्तरांच्या अंगणात उभी असे. मास्तर रोज तिला स्टँडवरच किक मारत, निळा धूर छातीभर घेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हिच्यावरून आम्ही अख्खं कोकण पालथं घातलंय!" मग बंद करून मऊ फडक्याने पुसत.

फटफटी तडफडे. "नुसतं घाटाचं नाव काढता आणि मला जागेवरच घुरघुरवता! चाकं काय पुसायला दिलीत?"

"वय झालं गं आपलं," मास्तर म्हणत. "जपायला हवं."

एके सकाळी वीस किका मारल्या तरी ती सुरू होईना. मास्तरांच्या पत्नी सिंधूताई म्हणाल्या, "बोलवा आता भंगारवाल्याला."

मास्तरांनी घाबरून प्लग काढला. तो काजळीने बुजला होता.

"हे वयाचं नाही, मास्तर," फटफटी म्हणाली. "उभ्या उभ्या घुरघुरल्याची काजळी आहे ही. चढावर रेटल्याशिवाय ती जळत नाही."

मास्तरांनी प्लग घासून बसवला.

दुपारी पाहुणे कोकणच्या गोष्टी ऐकायला आले. दाराला कुलूप होतं आणि अंगणातून घाटाच्या रस्त्याकडे चाकांची ताजी खूण गेली होती. फडकं दोरीवर वाळत होतं.