सरकारांचा केर

“एक कण जरी कमी भरला, तर तुझ्या सगळ्या सुऱ्या माझ्या स्वयंपाकघरात जातील! आणि त्यांच्या पाठोपाठ तू. मुळे सोलायला!”

असं कारागीर तोकुसाईला बजावून सरदार हिदेकाने यांनी कोरायची पेटी तराजूत ठेवली. दुसऱ्या पारड्यात पिशवी ठेवून खजिनदाराने काटा मध्यावर येईपर्यंत तिच्यात वाळू ओतली, पिशवीचं तोंड बांधलं आणि वर मोहोर उठवली.

हे सरदार जपानातल्या एका डोंगराळ मुलखाचे धनी. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांच्या हातून काही सुटत नसे. मुलखात रोगणाची झाडं उदंड, आणि ती सगळी सरकारांची. त्या झाडांचा चीक रंगवून पेटीवर लावायचा, वाळला की पुन्हा लावायचा. लाल, पिवळा, हिरवा, काळा असे शंभर थर चढले, तरी जाडी होते मेथीच्या दाण्याएवढी. मग कारागीर सुरी घेऊन बसतो. पिवळी पाकळी हवी तर पिवळ्या थरापर्यंत कापायचं, हिरवं पान हवं तर हिरव्यापर्यंत. अर्धा थर जास्त कापला की सगळी मेहनत पाण्यात. या कामात तोकुसाईचा हात धरणारा मुलखात कुणी नव्हता.

त्या सकाळी सरकार स्वतः कारखान्यात आले होते. तोकुसाई एका फळीवर नमुना कोरत होता आणि खाली रंगीबेरंगी भुसा पडत होता.

“हे काय?” सरकारांनी विचारलं.

“केर, सरकार.”

“केर? हा माझ्या झाडांचा चीक आहे! आणि तू तो झाडून टाकतोस?”

“कोरायचं म्हणजे कापावं लागतं, सरकार.”

“काप ना! कोण नको म्हणतंय? पेटीवर फुलं मला पाहिजेतच. पण ज्याच्या झाडाचा चीक, त्याचा कण न् कण! पेटी आज जेवढी भरते, कोरल्यावरही तेवढी भरली पाहिजे.”

मग तराजू आला, ते वर सांगितलंच.

सरकार गेल्यावर तोकुसाई सुऱ्या पुसत बसला. आजोबांच्या वेळच्या सुऱ्या त्या. झिजून झिजून पाती काडीसारखी झाली होती. मुळे डोळ्यांपुढे आले आणि त्याला रडूच फुटलं.

“अगं, वजन कमी न करता कोरायचं म्हणजे हजामत करायची आणि केस डोक्यावरच ठेवायचे!”

हे तो आपल्या बायकोला, ओशिगेला म्हणाला. कारखान्याची झाडलोट तिच्याकडे होती. नवऱ्याने आयुष्यभर जे कापलं, ते तिने आयुष्यभर झाडलं होतं.

“तुम्ही कोरा,” ती म्हणाली. “केराचं मी बघते.”

तिने त्याच्याखाली पांढरी चादर पसरली आणि नियम सांगितले. शिंक आली तर अंगणात जायचं. दाढी खाजवायची नाही. संध्याकाळी ती मऊ कुंचला घेऊन त्याच्या भुवया झाडायची.

“अहो, हलू नका. डाव्या भुवईत सरकारांचा हिरवा आहे.”

पेटी कोरून झाली तेव्हा ओशिगेने सगळा भुसा दगडावर वाटून त्याची बारीक पूड केली. परसात रोगणाचं एक वाकडं झाड होतं. त्याचं रोप तिने माहेरहून आणलं होतं, म्हणून सरकारांच्या झाडांत ते धरलेलं नव्हतं. त्याचा चीक तिने काढला. हातांवर पुरळ उठलं, तरी काढला. मग ती पेटी घेऊन आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती पेटी ओल्या कपाटात ठेवूनच, कारण हे रोगण उन्हात वाळत नाही, दमट हवेतच वाळतं.

“आत काय केलंस?” तोकुसाईने विचारलं.

“झाडलोट.”

ठरल्या दिवशी दोघं दरबारात गेली. पेटीवरची फुलं पाहून सरकार बैठकीवरून अर्धे उठले. लाल पाकळ्यांच्या कडेने पिवळी रेघ, तिच्याखाली काळी, जणू फुलं आतूनच उमलली होती. पण सरकारांनी लगेच स्वतःला सावरलं.

“तराजू!”

मोहोर असलेली पिशवी एका पारड्यात, पेटी दुसऱ्यात. तोकुसाईने डोळे मिटले. पेटीचं पारडं खाली गेलं.

“सरकार,” खजिनदार चाचरत म्हणाला, “जास्त भरतेय!”

“कोरून वजन वाढलं?”

ओशिगेने झाकण उघडलं. पेटीच्या आत लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या कणांचा खरखरीत थर चमकत होता.

“हा सरकारांचा केर. पूड करून आतून बसवलाय.”

“कशाने?”

“माझ्या परसातल्या झाडाच्या चिकाने.”

“वा! म्हणजे माझा फायदाच झाला!”

“नाही सरकार. ज्याच्या झाडाचा चीक, त्याचा कण न् कण. वाढलेला भार माझा. तो घेऊन जायला आलेय.”

सरकारांनी खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदाराने छताकडे पाहिलं.

“मग घे काढून!”

“काढायचा तर खरवडावा लागेल. खरवडला की तुमचा केर सुटेल.”

“तो परत चिकटव!”

“चिकटवते ना. पण त्याला चीक माझाच लागेल. तो न्यायला मी पुन्हा येईन, आणि पुन्हा खरवडीन.”

“आणि हे संपणार कधी?”

“आपण म्हणाल तेव्हा, सरकार. केराला केर म्हणा, मी घरी जाते!”

सरकारांच्या मिशा आधी थरथरल्या, मग पोट हललं, आणि मग ते इतके हसले की तराजूची पारडी डुगडुगायला लागली.

“केर! केर आहे, बाई, केर!”

पेटी सरकारांकडे राहिली, सुऱ्या तोकुसाईकडे. कारखान्यातला सगळा केर त्या दिवसापासून ओशिगेच्या मालकीचा झाला, आणि वर टेकडीच्या उतारावरची रोगणाची झाडंही सरकारांनी तिच्या नावे केली. निघताना स्वयंपाकघरातून मुळ्यांची एक टोपलीही मिळाली. सोललेल्या मुळ्यांची.