दारात दिलेला शब्द

एक वृद्ध गुरुजी इस्रायलमधल्या वाळवंटाकाठच्या एका गावात राहत असत. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, मूळचे रेवदंड्याचे. साठ वर्षांपूर्वी तिकडे गेलेले, पण मराठी मात्र कोकणातलीच राहिलेली. म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेसाठी आपल्याकडून गेलेल्या बायकांना ते शनिवारी, सुटीच्या दिवशी, हिब्रू शिकवत. शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यामुळे लेखणी वर्ज्य. सारे शिक्षण तोंडी. शब्दशः अर्थ सांगितल्यावाचून ते एका शब्दाच्याही पुढे सरकत नसत. 'मा श्लोमेख' म्हणजे 'कशी आहेस' एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. "तुझी शांती कशी आहे, असं विचारताहेत गं ते," असे ते सांगत.

मिरजेची विमल ही त्यांची सर्वांत घायकुतीला आलेली शिष्या. ती सांभाळत असलेल्या आजीबाई आठवडाभर तिच्याशी गोड असत; पण शनिवारी रात्री ती सुटीवरून परतली की तोंड फिरवून बसत. रविवारभर तिच्या हातचा घाससुद्धा घेत नसत. अखेर त्यांच्या मुलीने बजावले होते, की असेच चालले तर महिनाअखेरीस दुसरी बाई बघेन. नोकरीची धास्ती होतीच. पण विमलचा त्या म्हातारीवर जीव जडला होता, आणि तिला तेच जास्त लागत होते.

"गुरुजी, माझी भाषाच कच्ची. अजून शंभर शब्द द्या मला, चांगले गोड गोड," ती काकुळतीने म्हणाली.

"शुक्रवारी घरातून निघताना काय बोलतेस?"

"तुम्ही शिकवलेलं पाठ आहे की. 'लेहित्राओत', पुन्हा एकमेकांना पाहू. पण दाराशी गेलं की आपलंच तोंडात येतं. 'जाते' कसं म्हणायचं हो? म्हणून म्हणते, 'अनी बाआ'. येते."

गुरुजी एकदम उठले, वहाणा पायांत सरकवल्या आणि म्हणाले, "चल." शब्बाथला बस नाही, टळटळीत दुपार, आणि ऐंशी उलटलेला हा माणूस तरातरा चालू लागलेला! धडा अर्धवट टाकून हे कुठे निघाले, ते विमलला कळेना.

आजीबाईंचे दार सताड उघडे होते. दारातच खुर्ची टाकून त्या रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. शेजारी ताट तसेच. वैतागलेली मुलगी जे बोलली, ते गुरुजींनी मराठीत सांगितले, "दर शनिवारचं हेच आहे म्हणते. आई दारातून हलत नाही, जेवत नाही. म्हणते, ती येतेय असं सांगून गेली आहे."

विमलला बघताच आजीबाईंनी तिचा हात धरून गालाला लावला आणि ताट पुढे ओढले. विमलला रडू आवरेना.

"मी चुकीचं बोलत होते, गुरुजी."

"चुकीचं नाही गं. परका शब्द शिकताना आपण त्याचा अर्थ खोदून खोदून विचारतो, आणि आपला मात्र बोलून मोकळे होतो. 'येते'साठी मिरजेत कुणी दारात बसत नाही. सगळ्यांना सवय आहे. यांना ती नाही, म्हणून यांनी तो खरा मानला. नवा शब्द तुला कधीही देईन. हा दिलेला आधी पुरा व्हायला हवा होता." त्यांची नजर रस्त्याकडे गेली. "रेवदंड्याला मी आईला 'येतो' म्हणूनच निघालो होतो. पुढे परत जाणं झालंच नाही. तिला तर मराठी येत होती, तिला कळलं असेल, असं अजून मनाला सांगतो."

पुढच्या शुक्रवारी विमल दाराशी पुन्हा 'अनी बाआ'च म्हणाली. मात्र त्याला 'मखार', म्हणजे उद्या, असे जोडून तिने घड्याळातल्या चारच्या आकड्यावर बोट ठेवले. शनिवारी सुटी असूनही चारच्या ठोक्याला ती उन्हातून त्या घरी पोचली. दार लोटलेले होते. आजीबाई जेवून आत निवांत झोपल्या होत्या.