एका तासाची इर्जिक

माळाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात गोंदाजी नावाचा एक म्हातारा शेतकरी होता.

त्या गावाची एक गंमत होती. घराघरांत कंप्युटर होते आणि चालवणारं कुणी नव्हतं. पोरांनी शिकायला म्हणून घेतले, पोरं शिकून शहराला गेली, कंप्युटर मागे राहिले. धूळ बसू नये म्हणून बायकांनी त्यांच्यावर चादरी टाकल्या. भर दुपारी कुणाच्या घरात शिरलं, की कोपऱ्यात कुणीतरी तोंडावरून पांघरूण घेऊन बसलंय असं वाटे.

त्या सुमाराला लेकरांचा एक आजार आला. अंग तापायचं नाही, खोकला यायचा नाही, नुसता श्वास आखडत जायचा. गोंदाजीच्या शेजारी हैबती राहायचा. त्याची मुलगी बकुळा याच आजारानं अंथरुणाला खिळली होती. दोन्ही घरांत भिंत एकच, त्यामुळे तिचा श्वास गोंदाजीच्या घरात ऐकू येई.

एक दिवस शहरातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पारावर माणसं जमवली.

"या आजाराचं औषध शोधायचं तर गणित फार मोठं आहे," त्या म्हणाल्या. "एका कंप्युटरला ते पेलायचं नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, आणि तुमच्या घरच्या रिकाम्या कंप्युटरांनी एकेक तुकडा सोडवायचा. मोबदला काही नाही. औषध कधी निघेल, कुणाच्या मुलाला मिळेल, तेही मला सांगता येणार नाही."

"म्हणजे इर्जिकच की बाई," गोंदाजी म्हणाला.

एखाद्याचं शेत नांगरायचं राहिलं, तर सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं आणि त्याचं रान नांगरून द्यायचं, याला त्या गावात इर्जिक म्हणत. मजुरी कुणी घ्यायची नाही. ज्याचं शेत, त्यानं जेवण घालायचं.

"मग जेवायला कवा, गोंदाकाका?" मागून एक जण ओरडला. "शेत कुणाचं त्याचाच पत्ता नाही!"

लोक हसले. हैबती तेवढा हसला नाही.

डॉक्टरीणबाईंच्या माणसांनी घरोघरी कंप्युटर जोडून दिले. पडद्यावर एक पट्टी दिसे, या टोकापासून त्या टोकाकडे सावकाश भरत जाणारी. जाताना बाई म्हणाल्या, "ज्याला जमेल त्यानं रोज एक तास द्या."

लोकांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तास भरला की बटण बंद. दुसऱ्या दिवशी काहींना आठवण राहिली, पुढे तीही राहिली नाही. चादरी परत पडल्या.

गोंदाजीचा मात्र सगळा जन्म औतामागे गेलेला. त्याला तास म्हणजे नांगराचा तास, या बांधापासून त्या बांधापर्यंत ओढलेली रेघ. तो अर्धा टाकून बैल सोडायचे नसतात, एवढंच त्याला ठाऊक. पडद्यावरची पट्टी बघून तो बायकोला म्हणाला, "ठकू, हा आपला तास. त्या बांधाला टेकला की सोडू."

पट्टी गोगलगाईसारखी सरके. खोलीत माणूस नसे आणि कंप्युटर घुमत राही.

एका दुपारी ठकूबाई सुपात डाळ निवडत बसली होती. बाहेर सगळं चिडीचूप. निवडता निवडता तिचा हात थांबला. भिंतीपलीकडून बकुळाचा श्वास येत होता, आणि कोपऱ्यातून कंप्युटरचा. दोन्ही एका लयीत. ती धापली की तो धापे. ती अडखळली की तोही अडखळे.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "ते लेकराचा श्वास पितंय."

हे गावभर व्हायला वेळ लागला नाही. दिवेलागणीला दारात माणसं जमली, पण उंबरा कुणी ओलांडेना. शेवटी हैबती आत आला आणि हात जोडून उभा राहिला.

"काका, बंद करा. पाया पडतो तुमच्या."

गोंदाजी उठला. त्याचा हात बटणापर्यंत गेलासुद्धा. पण जाता जाता तळवा कंप्युटरला लागला आणि तिथंच राहिला. चांगलाच तापला होता तो. आतून बारीक थरथरत होता. उन्हात ओढ काढणाऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला की लागतो, तसा हाताला लागत होता.

"हैबती," तो हळू म्हणाला, "पिणारं जनावर धापत नाही रे. ओढणारं धापतं. जरा हात लावून बघ."

"मी नाही लावायचा. आणि माझी बकुळा गेली तर?"

गोंदाजीनं कंप्युटरवरचा हात काढला नाही. मग म्हणाला, "मलाही भ्या वाटतंय. पण कुणाच्या तरी लेकरासाठी ओढतंय ते. अर्ध्या तासावर मला सोडवत नाही."

हैबती निघून गेला. त्या दिवसापासून गोंदाजीच्या अंगणात कुणी पाऊल टाकेना.

आणि मग, पट्टीचं टोक जवळ आलं असताना, भिंतीपलीकडचा श्वास थांबला.

बकुळाला माती देऊन हैबती ओल्या कपड्यांनिशी तडक गोंदाजीच्या घरात शिरला. हातात पहार होती. ठकूबाई भिंतीला चिकटली. गोंदाजी जागचा हलला नाही, की त्यानं हैबतीला अडवलंही नाही.

हैबतीनं पहार उचलली, आणि तो ती तशीच धरून राहिला. कंप्युटर धापत होता. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं, आणि हा आपल्या चालीनं धापतच होता. तिचा श्वास पिऊन जगणारं असतं, तर तिच्याबरोबर थांबलं असतं.

त्यानं पहार खाली ठेवली. तळवा कंप्युटरवर टेकवला.

"ओढतंय, काका," तो म्हणाला.

"ओढतंय."

"किती राहिलाय तास?"

"थोडा. बस."

दोघं बसून राहिले. पट्टी सरकत सरकत त्या बांधाला टेकली. घुमणं थांबलं. खोली इतकी शांत झाली, की दोघांना एकमेकांचे श्वास ऐकू आले.

हैबती उठून घरी गेला आणि भाकरी-पिठलं घेऊन परत आला. चूल त्यानं स्वतः पेटवली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, आणि तिथलं कुणी खातही नाही. सगळ्या गावाला हे माहीत होतं.

"जेवा काका," तो म्हणाला. "शेत माझं होतं."

गोंदाजीनं हात धुतले आणि तो शेवटच्या घासापर्यंत जेवला.

पुढे बऱ्याच काळानं, कुठल्याशा लांबच्या मुलखात एक आजारी पोरगी अंथरुणावर उठून बसली आणि तिनं पाणी मागितलं. तिच्या आईला गोंदाजी माहीत नाही, आणि बकुळाही नाही.

त्या गावात आता चादरी नाहीत. दुपारी तिथून कुणी गेलं, तर वाटेवर माणूस दिसत नाही, पण बंद दारांआडून धाप ऐकू येते. परका मनुष्य घाबरून पाय उचलतो. गावातली लेकरं त्याला सांगतात, "भिऊ नका, इर्जिक चाललीय."

तात्पर्य: आपल्याकडे जे रिकामं पडलंय ते परक्याच्या कामाला जुंपावं, आणि एकदा जुंपलं, की पीक कुणाच्या दारात येणार हे न विचारता, भीती वाटली तरी तास पुरा करावा.